शयनी एकादशीची झोपमोड

५ जानेवारी २०१२, पॅरिस

पॅरिसच्या वेधशाळेतून एक छोटं पत्रक निघालं. मालिका ‘सी’, क्रमांक ४३. पृथ्वीच्या फिरण्यावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं हे पत्रक वर्षातून दोनदा निघतं आणि बहुतेक वेळा त्यात ‘या खेपेला काही करायचं नाही’ एवढंच असतं. या खेपेला करायचं होतं. ३० जूनच्या शेवटच्या मिनिटात एकसष्ट सेकंद धरायचे होते: एकोणसाठनंतर साठ, आणि मग नवा दिवस. अणुघड्याळांच्या मानाने पृथ्वी जरा रेंगाळते. तिला गाठू द्यायचं म्हणून १९७२ पासून मधूनमधून असा एक सेकंद वाढवतात. हा पंचविसावा.

जगाच्या प्रमाणवेळेची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. म्हणून १ जुलैच्या रविवारी पहाटे ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंद झाल्यावर लगेच साडेपाच वाजणार नव्हते. पुढच्या सगळ्या वेळा भारतीयच देतो. गोष्ट जर्मनी, कॅलिफोर्निया आणि सिडनी अशी तिन्हीकडे घडते, त्यामुळे कुठली तरी एक वेळ धरून चालणं बरं.

पत्रकानंतर दोनच आठवड्यांनी जिनिव्हात देशोदेशीचे प्रतिनिधी ‘हा वाढीव सेकंद कायमचा बंद करावा का’ यावर बसले, आणि निर्णय पुढे ढकलून उठले.

त्याआधी: २००७

या सेकंदाने ओढवलेल्या आपत्तीची तारीख ३० जून असली तरी तिची तयारी पाच वर्षं आधी, अगदी शहाण्या माणसांच्या हातून आणि अगदी योग्य कारणासाठी झाली होती. ते समजायला प्रोसेसर झोपतो कसा हे पाहावं लागतं.

सर्व्हरचा प्रोसेसर सदैव राबत असतो हा गैरसमज आहे. बहुतेक सर्व्हर बहुतेक वेळ रिकामे असतात. कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, करायला काही उरलं नाही की तो कोअरला, म्हणजे प्रोसेसरमधल्या एकेका गणकाला, ‘थांब’ म्हणतो. कोअरचं घड्याळ बंद पडतं. विश्रांती लांबणार असेल तर आतली तात्पुरती स्मृती रिकामी केली जाते. आणखी खोल गेलं तर कोअरचा वीजदाब जवळजवळ शून्यावर येतो. बाहेरून इंटरप्ट, म्हणजे ‘इकडे लक्ष दे’ अशी हाक, आला की सगळं पुन्हा जागं. हे सेकंदात शेकडो वेळा घडतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

अवघड जागा असते ती झोपण्याच्या आधीच्या क्षणात. समजा, कर्नलने कामांची यादी पाहिली, यादी रिकामी होती, आणि ‘थांब’ म्हणण्यापूर्वीच्या त्या फटीत नेटवर्क कार्डाचा इंटरप्ट येऊन गेला. त्याने यादीत एक काम टाकलं. कर्नलला त्याची गंधवार्ता नाही; तो ठरल्याप्रमाणे कोअरला झोपवतो. आता काम यादीत पडून आहे, आणि उठवणारा येऊन गेलेला आहे. दुसरं कुणी कडी वाजवेपर्यंत त्या कामाला वाली नाही.

यावरचा तोडगा जुना आणि फार देखणा आहे. आधी इंटरप्ट बंद करायचे, मग यादी पाहायची. या काळात येणारा इंटरप्ट हरवत नाही, तो पेंडिंग राहतो. यादी रिकामी दिसली तर इंटरप्ट चालू करायचे आणि तत्काळ थांबायचं. पण मग ‘चालू कर’ आणि ‘थांब’ या दोन सूचनांच्या मधेही फट उरतेच की! इंटेलच्या घराण्यात ती बुजवलेली आहे: ‘चालू कर’ या सूचनेचा अंमल तिच्या पाठची एक सूचना सुरू होऊन जाईपर्यंत लागत नाही. दोन्ही सूचना खेटून लिहिल्या की इंटरप्टला मधे शिरायला जागाच मिळत नाही. पेंडिंग राहिलेला इंटरप्ट थांबलेल्या कोअरवरच येऊन पडतो आणि त्याला उठवतो. नंतरच्या प्रोसेसरांत याहून तरबेज सोय आली: कोअर स्मृतीतल्या एका ठरावीक जागेवर नजर ठेवून झोपतो, आणि दुसऱ्या कोअरने तिथे काही लिहिलं की उठतो.

२००७ च्या एप्रिलमध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.२१ या आवृत्तीने आणखी एक मोठं पाऊल टाकलं. तोवर प्रत्येक कोअरला सेकंदाला शंभर ते हजार वेळा एक ठरलेला ठोका पडायचा, काम असो वा नसो. आता रिकाम्या कोअरचा ठोकाच बंद करता येऊ लागला. ‘तुझा पुढचा टायमर अमुक वाजता आहे, तोवर झोप’ असा हिशेब सुरू झाला. झोप लांबली, वीज वाचली. पण उठायची वेळ अचूक सांगणं ही आता टायमरांच्या हिशेबाची एकट्याची जबाबदारी झाली. आधी काही चुकलंच तर पुढचा ठोका सावरून घ्यायचा. आता सावरायला तो नव्हता. म्हणून ठोका बंद करण्यापूर्वी कर्नल एक झडती घेतो: मागे ठेवलेलं एखादं हलकं काम, ज्याला कर्नलच्या भाषेत सॉफ्टआयआरक्यू म्हणतात, बाकी तर नाही ना? असेल तर लॉगमध्ये ‘लोकल सॉफ्टआयआरक्यू पेंडिंग’ अशी तक्रार उमटते. दहा वेळा तक्रार केल्यावर तो पुढे गप्प बसतो. लॉग भरून वाहू नये म्हणून केलेली ही सोय आहे, पण एखाद्या जुन्या कारकुनाने ठरवली असावी असं वाटतं.

त्याच वर्षी, २.६.२३ च्या सुमाराला, वाढीव सेकंद हाताळणाऱ्या कोडमधून एक ओळ काढण्यात आली. ती ओळ ‘क्लॉक-वॉज-सेट’ या फंक्शनला हाक मारायची. घड्याळ एका सेकंदाने मागे घेतलं की हे फंक्शन प्रत्येक कोअरला कळवायचं: वेळ बदलली आहे, आपापले टायमर नव्याने लावा. कळवण्याची पद्धत म्हणजे एका कोअरने बाकीच्यांना इंटरप्ट पाठवायचा आणि सगळ्यांची पोच येईपर्यंत थांबायचं. झोपलेला कोअर उठून पोच देतो, त्याची अडचण नाही. अडचण अशी की हाक मारणारा कोअर त्या क्षणी स्वतः इंटरप्ट बंद करून बसलेला असायचा, कारण वेळेचं खातं इंटरप्टच्या हाताळणीतच बदलतं. त्याच वेळी दुसरा कोअरही इंटरप्ट बंद करून पहिल्याकडून कशाची तरी पोच मागत असेल, तर दोघांचे इंटरप्ट एकमेकांकडे पेंडिंग, आणि दोघेही एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकलेले.

म्हणून ती हाक काढली. बदल बरोबरच होता. सोबतच्या टिपणात परिणामांचाही विचार होता: सेकंद कमी करण्याच्या दुर्मीळ प्रसंगी एखादा टायमर फार तर एक सेकंद उशिरा वाजेल, लवकर मात्र कधीच वाजणार नाही. इथे हिशेब फिरला. सेकंद कमी करण्याची वेळ आजवर एकदाही आलेली नाही. वाढवण्याची तोवर तेवीसदा आली होती, आणि वाढवताना टायमर उशिरा नव्हे, लवकर वाजतो.

मार्च ते मे २०१२

वाढीव सेकंद जवळ येऊ लागला तशी काही जणांनी चाचणी घेतली आणि त्यांना एक वेगळाच दोष सापडला. सेकंद वाढवायची नोंद कर्नलकडे आली की दोन कुलपं उलटसुलट क्रमाने लागून यंत्र गोठू शकत होतं. मार्चमध्ये दुरुस्ती तयार झाली आणि २० मे रोजी आलेल्या ३.४ या आवृत्तीत दाखलही झाली. पण डेटा सेंटरमध्ये ताजी आवृत्ती कोण चालवतं? रेड हॅटचं सहावं एंटरप्राइझ लिनक्स आणि डेबियनचं ‘स्क्वीझ’, दोन्ही २.६.३२ या २००९ च्या कर्नलवर उभी होती. चालत्या गाडीची खीळ काढायची नाही, हा या धंद्यातला पहिला धडा.

शिवाय ही दुरुस्ती गोठण्यावरची होती. २००७ साली काढलेल्या ओळीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

शनिवार, ३० जून. पहाटे ५:३०. चोवीस तास बाकी

प्रमाणवेळेने ३० जून उजाडला. इंटरनेटवरच्या यंत्रांची घड्याळं एनटीपी नावाच्या व्यवस्थेने जुळवलेली असतात. एनटीपीच्या प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला दोन बिटांची एक खूण असते. एरवी दोन्ही शून्य. आज तिथे शून्य-एक होतं: आजच्या शेवटच्या मिनिटाला एकसष्ट सेकंद. ही खूण वाचून प्रत्येक सर्व्हरवरची एनटीपीची सेवा आपापल्या कर्नलला कळवते आणि कर्नल ती जपून ठेवतो, मध्यरात्रीसाठी.

पंढरपुरात या वेळी आषाढी एकादशी उजाडत होती. या तिथीचं दुसरं नाव शयनी एकादशी. क्षीरसागरात विष्णू आज निजतो तो चार महिन्यांनी प्रबोधिनीला उठतो. हा योगायोगच, पण इतका चपखल की सांगितल्यावाचून राहवत नाही.

सकाळी ८:३०. एकवीस तास बाकी

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शुक्रवारची रात्र. डेरेचो म्हणतात तसं सरळ रेषेत धावणारं भयंकर वादळ व्हर्जिनियावरून गेलं. ॲमेझॉनच्या तिथल्या एका डेटा सेंटरची वीज गेली आणि जनरेटरांनी भार उचलला नाही. नेटफ्लिक्स, इन्स्टाग्राम, पिंटरेस्ट बंद पडले.

याचा वाढीव सेकंदाशी काडीचा संबंध नाही. इथे नोंद एवढ्यासाठी, की पुढच्या रात्री सर्व्हर पुन्हा अडखळू लागले तेव्हा कितीतरी इंजिनिअर आधीच जागरणाने शिणलेले होते, आणि पहिला संशय साहजिकच वादळावर जाण्यासारखा होता.

दिवसभर

युरोपातून एकेक करून तक्रारी येऊ लागल्या. चांगला चालणारा सर्व्हर अचानक ठप्प. पिंगला उत्तर नाही, लॉगमध्ये शेवटची ओळ साधीसुधी. वीज बंद करून पुन्हा लावली की सुरळीत. मग तासा-दोन तासांनी शेजारचा ठप्प. मध्यरात्रीला अजून कितीतरी तास होते, त्यामुळे वाढीव सेकंद कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता. गोठत होतं ते सेकंद घालताना नाही. एनटीपीच्या सेवेने ‘आज सेकंद घालायचा आहे’ असं कर्नलला कळवलं त्याच क्षणी. मार्चमध्ये दुरुस्त झालेला हाच तो दोष.

काही अनुभवी ऍडमिननी कारण ताडलं आणि एनटीपीची सेवा बंद केली. पण तेवढ्याने भागत नव्हतं. एकदा दिलेली सूचना कर्नलच्या पोटात तशीच राहते. ती वेगळा कॉल करून पुसावी लागते. ती पुसणारी छोटी स्क्रिप्ट हातोहात फिरली. ज्यांनी ती चालवली त्यांनी नकळत रात्रीच्या मोठ्या संकटातूनही सुटका करून घेतली: त्यांच्या कर्नलने सेकंद घातलाच नाही, आणि नंतर एनटीपीने त्यांचं घड्याळ उघडपणे सरकवलं तेव्हा सगळ्या कोअरना रीतसर कळवलं गेलं.

गूगल या सगळ्यापासून लांब होतं. त्यांनी आपल्या पद्धतीचं वर्णन आदल्या वर्षी सप्टेंबरात प्रसिद्ध केलं होतं: आपल्या एनटीपी सर्व्हरनी तो सेकंद आधीच्या काही तासांत कणाकणाने मुरवायचा आणि कुठल्याच यंत्राला साठावा सेकंद दाखवायचा नाही. शुद्धतावाद्यांना हे आवडलं नव्हतं. त्यांच्या मते घड्याळाने जाणूनबुजून खोटं सांगणं हा अधर्म. मला विचाराल तर त्या दिवशी सगळ्यात शहाणी माणसं तीच होती.

रविवार, १ जुलै. पहाटे ४:३०. एक तास बाकी

जर्मनीत रात्रीचा एक. कॅलिफोर्नियात शनिवारी दुपारचे चार. सिडनीत रविवारी सकाळचे नऊ, विमानतळाची वर्दळ सुरू.

युरोपातल्या डेटा सेंटरांत ही सगळ्यात शांत घटका. वेबसाइटचे गिऱ्हाईक झोपलेले, कोअर मिनिटाचा मोठा भाग विश्रांतीत. मात्र पूर्ण रिकामं कुणीच नसतं. डेटाबेसचा एक थ्रेड, म्हणजे स्वतंत्र चालणारा कामाचा धागा, दर काही मिलिसेकंदांनी उठून ‘काही लिहायचं आहे का’ पाहतो. जावाच्या आभासी यंत्रातले दहावीस थ्रेड असेच लहान लहान डुलक्या घेत असतात. प्रत्येक डुलकी म्हणजे कर्नलकडे एक विनंती: अमक्या वाजता उठव. कर्नल टायमर लावतो, कोअर निजतो, टायमरचा इंटरप्ट येतो, थ्रेड उठतो, पाहतो, पुन्हा निजतो.

५:२९:५९

सेकंदाच्या शेवटच्या सीमेवर टायमरचा इंटरप्ट आला. तो हाताळताना कर्नलला जपलेली खूण दिसली. त्याने वेळेच्या खात्यातून एक सेकंद वजा केला, म्हणजे एकोणसाठावा सेकंद पुन्हा सुरू झाला, आणि लॉगमध्ये ‘वाढीव सेकंद घातला’ अशा अर्थाची ओळ लिहिली. बस. यंत्र गोठलं नाही, काही तुटलं नाही.

५:२९:६०

आता जवळून पाहू.

कर्नलमध्ये वेळेचं मुख्य खातं एक. पण टायमरांच्या सोयीसाठी प्रत्येक कोअर स्वतःजवळ एक फरक टिपून ठेवतो: यंत्र सुरू झाल्यापासून न थांबता, न मागे जाता चाललेलं आतलं घड्याळ आणि भिंतीवरची खरी वेळ यांच्यात किती अंतर आहे ते. मुख्य खात्यात एक सेकंद कमी झाला की हे अंतरही एका सेकंदाने कमी व्हायला हवं. ते कोअरना कळवणारी हाक २००७ साली काढलेली. त्यामुळे मुख्य खात्यातली वेळ मागे आली आणि प्रत्येक कोअरचं टिपण एक सेकंद पुढेच राहिलं. घरातलं भिंतीवरचं घड्याळ कुणीतरी मागे घ्यावं आणि उशाशी ठेवलेल्या गजराला हात लावू नये, तसं.

डेटाबेसचा थ्रेड घड्याळ पाहतो. मुख्य खातं सांगतं: ५९ सेकंद आणि १०० मिलिसेकंद. तो म्हणतो, मला १५० व्या मिलिसेकंदाला उठव. विनंती टायमरकडे जाते. टायमरच्या टिपणानुसार आत्ता ६० सेकंद आणि १०० मिलिसेकंद झालेत. म्हणजे ही उठवण्याची वेळ ९५० मिलिसेकंदांपूर्वीच टळून गेली. टळलेला टायमर तत्काळ वाजवायचा, हा नियम. वाजतो. थ्रेड उठतो, घड्याळ पाहतो: ५९ सेकंद, १०० मिलिसेकंद आणि वर काही मायक्रोसेकंद. अजून वेळ झाली नाही. पुन्हा विनंती, पुन्हा तत्काळ गजर.

पन्नास मिलिसेकंदांची डुलकी अशी हजारो जागरणांत मोडून जाते. ती कशीबशी संपते, थ्रेड आपलं क्षणभराचं काम करतो, आणि पुढची डुलकी मागतो. तिचीही तीच गत. एका सेकंदाच्या आतल्या कुठल्याच विनंतीला आता झोप नाही; सेकंदाहून मोठी विनंती असेल तर तिचा शेवटचा सेकंद जागरणाचा. आणि कोअर? त्याच्यासाठी यादी कधीच रिकामी नाही. झोपण्यापूर्वी तो नेकीने पाहतो, काहीतरी पेंडिंग आहेच. म्हणून तो झोपत नाही. हरवलेला इंटरप्ट टाळायला आखलेले सगळे नियम त्या पहाटे बिनचूक पाळले जात होते, आणि म्हणूनच कुणाला डोळा लागत नव्हता.

हे एका सेकंदापुरतं असतं तर कुणाच्या गावीही नसतं. पण साठावा सेकंद संपून नवा दिवस सुरू झाला तरी टिपणातला फरक तसाच राहिला. कळवणारं कुणी येईपर्यंत तो राहणारच होता.

५:३० ते ६:३०

आलेख एकाच रेषेत वर गेले. प्रोसेसरचा वापर शंभर टक्के, आणि काम पूर्वीइतकंच.

कॅलिफोर्नियात शनिवारचे संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. रेडिट कोसळलं, त्यांचा डेटा कॅसँड्रा नावाच्या डेटाबेसवर होता, आणि कॅसँड्रा जावावर चालतं. मोझिलाच्या हडूप यंत्रांवर जावा घुसमटली. लिंक्डइन, फोरस्क्वेअर, येल्प, गॉकर, स्टंबलअपॉन यांच्याही वेबसाइट आजारी पडल्याच्या बातम्या आल्या. जिथे जावा किंवा मायएसक्यूएल, तिथे बहुधा ताप. जिथे थ्रेड अशा लहान डुलक्या घेत नव्हते, तिथे तोच दोष पोटात घेऊन यंत्रं निवांत चालू होती. दोन शेजारी सर्व्हर, तेच हार्डवेअर, तोच कर्नल. एक तापलेला, दुसरा गार. कारण शोधणाऱ्यांची यातच जास्त दिशाभूल झाली.

सिडनीत सकाळचे दहा. क्वांटास या विमान कंपनीचं चेक-इन अमाडिउस कंपनीच्या व्यवस्थेवर चालायचं, आणि अमाडिउसचं मोठं डेटा सेंटर म्युनिकजवळच्या एर्डिंग गावी. जर्मनीत मध्यरात्रीनंतर दोन वाजता लिनक्स यंत्रांना ताप चढला आणि ऑस्ट्रेलियात काउंटरवरच्या लोकांना प्रवाशांची नावं हाताने लिहून घ्यावी लागली. रांगा वाढल्या, उड्डाणं खोळंबली. पॅरिसचं पत्रक, तिथे कुणाच्या कानावरही न गेलेलं, असं येऊन काउंटरवर उभं राहिलं.

सगळ्यात बोलका आकडा मात्र हेट्झ्नर या जर्मन कंपनीकडून आला. ही कंपनी भाड्याने सर्व्हर देते. त्यावर काय चालतं ते गिऱ्हाईक जाणे. त्या रात्री त्यांच्या डेटा सेंटरांत विजेचा वापर एकाएकी सुमारे एक मेगावॉटने वाढला. कुठेही नवीन यंत्र लागलं नव्हतं, कुठल्याही वेबसाइटवर गर्दी उसळली नव्हती. झोपलेले कोअर उठले, एवढंच. कंपनीने गिऱ्हाइकांना ईमेल पाठवून आपापले सर्व्हर तपासायला, हवं तर रीबूट करायला सांगितलं. खोल विश्रांतीची किंमत एरवी वीजबिलात न झालेला खर्च म्हणून लपलेली असते. त्या रात्री ती मीटरवर उघडी दिसली.

सकाळ

रीबूट केलं की ताप उतरत होता. डेटाबेसचा सर्व्हर भर वेळेत रीबूट करायला मात्र कुणाचा हात धजत नाही. मग दुसरा उपाय सापडला, आणि तो पाहून अनेकांनी डोक्याला हात लावला असेल. ‘डेट’ या साध्या आदेशाला आताची वेळ विचारायची, आणि तीच वेळ त्याच आदेशाने पुन्हा लावायची. घड्याळाला त्याचीच वेळ सांगायची! आदेश दिल्याबरोबर आलेख कड्यावरून पडल्यासारखे खाली.

यात जादू काही नाही. वेळ हाताने लावली की कर्नल क्लॉक-वॉज-सेटला हाक मारतो. आता हाक मारणारा कोअर इंटरप्टच्या हाताळणीत अडकलेला नसतो, त्यामुळे अडकण्याचं भय नाही. इंटरप्ट सगळ्या कोअरकडे जातो, सगळे आपापलं टिपण सुधारतात, पोच देतात. पाच वर्षांपूर्वी काढलेली ओळ ऍडमिन मंडळी त्या सकाळी आदेशाच्या रूपाने हाताने चालवत होती.

जुलै

वाढीव सेकंद आला की काहीतरी नवं सापडतंच, असं लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी त्या दिवसांत पत्रकारांना सांगितलं. खरंच होतं ते. २००८ च्या वाढीव सेकंदाला तर ‘सेकंद घातला’ ही ओळ लॉगमध्ये लिहितानाच काही यंत्रं गोठली होती, कारण वेळेच्या खात्याचं कुलूप हातात असतानाच कर्नल लिहायला बसला होता.

दुरुस्ती जॉन स्टल्ट्झ आणि टॉमस ग्लाइक्सनर यांच्या हातून आली आणि २१ जुलैच्या ३.५ या आवृत्तीत गेली. जुन्या आवृत्त्यांतही ती मागाहून पोचवण्यात आली. काढलेली ओळ जशीच्या तशी परत घालता येत नव्हती. २००७ चं भय खोटं नव्हतंच. म्हणून तिची एक उशिराची आवृत्ती केली. इंटरप्टच्या हाताळणीत असलेला कोअर बाकीच्यांना कळवायला जात नाही. तो आपल्याजवळ फक्त एक खूण करतो आणि सॉफ्टआयआरक्यू उभा करतो. म्हणजे ते कळवणंच आता पेंडिंग ठेवलं. इंटरप्टची हाताळणी संपते, इंटरप्ट पुन्हा चालू होतात, आणि मग त्या सॉफ्टआयआरक्यूच्या पाळीला सगळ्यांना कळवलं जातं. कोअर निजायला निघाला तरी ठोका बंद करण्यापूर्वीच्या झडतीत हे बाकी काम दिसतंच.

जोडीला दुसरी दुरुस्तीही होती, आणि माझ्या मते तीच अधिक मोलाची. टायमरचा इंटरप्ट हाताळताना प्रत्येक कोअर आता जुन्या टिपणावर विसंबत नाही. अंतर दर वेळी मुख्य खात्यातून नव्याने वाचून घेतो. कळवायला कुणाला उशीर झाला, तरी फरक पुढच्या इंटरप्टपलीकडे टिकत नाही. २००७ मध्ये हे सुचलं असतं तर ती ओळ काढूनही काही बिघडलं नसतं. पण तेव्हा प्रत्येक इंटरप्टला एक जास्तीचं वाचन कुणाला महाग वाटलं असतं, हेही तितकंच खरं.

पुढचा वाढीव सेकंद ३० जून २०१५ ला, मंगळवारी आला. सुट्टीचा दिवस नसल्यामुळे शेअर बाजारांसह अनेकांनी आधीच तयारी केली, आणि ॲमेझॉननेही गूगलसारखा तो सेकंद कणाकणाने मुरवायचं ठरवलं.